ट्रामची खिडकी

नाशिकला आमच्या शेजारी राहणारे काका ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. कुठलंही यंत्र दिसलं की त्यांना आधी हात लावून बघायचं असे.

मी जर्मनीत नोकरीला असताना एका उन्हाळ्यात माझे दोन मित्र मला भेटायला आले, ते काकांनाही घेऊन. शहर उन्हानं तापलं होतं, पण काकांना कुठं फिरू आणि कुठं नको असं झालेलं. राजवाड्यांपेक्षा ट्राम त्यांना जास्त आवडली. "लय भारी काम हाय रे," म्हणत ते बिजागऱ्या चाचपत बसायचे.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आमची ट्राम बंद पडली. दारं उघडेनात, खिडक्याही बंद, आत नुसती घुसमट. समोरच्या बाईच्या मांडीवरचं बाळ रडून लालबुंद झालं होतं.

"सरक जरा," काका मला म्हणाले. खिशातल्या रुपयाच्या नाण्यानं त्यांनी खिडकीचा अडकलेला स्क्रू फिरवला आणि वरची झडप धाडकन उघडली. वारा आत येताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई काकांचा हात धरून भडाभडा बोलू लागली.

"काय म्हणतेय?"

"तुमचे आभार मानतेय, काका."

"ते ऱ्हाऊ दे. डायवरला सांग, स्क्रूला तेल पाहिजे."

थोड्या वेळानं दारं उघडली, पण ड्रायव्हरनं ते लिहून घेतल्यावरच काका खाली उतरले.