पाटीवरचा पत्ता

विजयश्री धाराशिवकडची. महाळुंग्याच्या कंपनीत आम्ही दोघी आठ वर्षं एकाच लाइनवर उभ्या होतो. मग तिनं मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड घेतलं. शिफ्ट सुटली की फोम कापून सुट्या भागांसाठी पॅकिंगचे ट्रे करायची. मी, परवीन, तिच्या जोडीला. तिचा हात इतका साफ की पार्ट ट्रेत ठेवला की हलायचा नाही.

एका मोठ्या कंपनीच्या खरेदीवाल्यानं सांगितलं, फुकटच्या मेलवरून कोटेशन चालणार नाही, धंद्याच्या नावाची वेबसाइट आणि मेल पाहिजे. चिंचवडला वेबसाइट करून देणाऱ्या एका ऑफिसातल्या मॅडमनी नीट समजावलं, वेबसाइटचं नाव तुमच्या नावावर घ्या, पासवर्ड स्वतःकडे ठेवा. विजयश्रीला पटलंही होतं. तेवढ्यात प्रज्वल मध्ये कडमडला.

हा तिच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. तिनंच त्याला कंपनीत चिकटवलं, वर्षभर डबा खाऊ घातला. दर राखीला मनगट पुढे करून बसायचा मेला. म्हणाला, "ताई, मी निम्म्यात करून देतो. तू कामावर लक्ष दे."

अडचण एकच होती. शिफ्टला आत जाताना आमचे फोन गेटवर जमा होतात, मग ओटीपी बघणार कोण? प्रज्वल स्टोअरच्या ऑफिसात, त्याला फोन आत न्यायची परवानगी. मीच शहाणी म्हटलं, "त्याचाच नंबर दे ना, घरचाच आहे." तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

यंदा त्या मोठ्या कंपनीनं आमचा नमुना पास केला. वर्षभराची ऑर्डर मिळणार म्हणून विजयश्रीनं नोकरीचा राजीनामा दिला. पुढे महिनाभर काही कळेना. रोज मेल उघडायचो, रिकामा. शेवटी आम्ही दोघी त्या कंपनीतच जाऊन बसलो.

खरेदीच्या साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवली. मेल विजयश्रीच्याच पत्त्यावरून गेलेला, खाली तिचंच नाव. आमचं काम बंद होत आहे, यापुढे प्रज्वल पॅकेजिंगशी बोलावं. कंपनीची उत्तरं हा पठ्ठ्या आम्ही बघायच्या आत पुसत होता.

"ऑर्डर त्यांना गेली, मॅडम," साहेब म्हणाले.

बाहेर येऊन तिनं पासवर्ड बदलायला घेतला. कोड प्रज्वलच्या नंबरवर गेला. वेबसाइटचं नाव जिथं नोंदवलं होतं तिथं फोन केला, तर मालक म्हणून त्याचंच नाव. मग तिनं त्यालाच फोन लावला.

"कोड आलाय, ताई," तो शांतपणे म्हणाला. "पण तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस? तू कामावर लक्ष दे."

तिनं फोन कट केला. माझ्या तोंडात आलेल्या शिव्या मी गिळल्या, कारण नंबर द्यायला मीच सांगितलं होतं.

शेडवर आल्यावर तिनं रंग काढायच्या थिनरचा डबा काढला आणि पाटीवरचा मेलचा पत्ता पुसायला लागली. मी कसंबसं म्हटलं, "विजू, चूक माझी आहे."

"माहितीये," ती म्हणाली आणि दुसरं फडकं माझ्याकडे टाकलं. "त्या टोकाकडून घास."