हेळव्याची परीक्षा

थुंकी, केस, नखं परक्याच्या हाती द्यायची नाहीत, असं माझी बायको सांगायची. त्यामुळं सून एका नळीत थुंकली आणि ती नळी डब्यात घालून पोस्टात टाकायला निघाली, तेव्हा मी पोराला म्हणालो, "हिला कुणीतरी नादी लावलंय. बघ जरा."

पोरगा कॉम्प्युटरवरनं नजर न काढता म्हणाला, "अप्पा, टेस्ट आहे ती. आपलं रक्त कुणाशी जुळतं ते कळतं."

"रक्त बघायचंय तर थुंकी कशाला मागतात?"

त्यानं कानाला हेडफोन लावला.

बायको वारल्यावर पोरानं मला तीन महिन्यांसाठी म्हणून इकडं आयर्लंडात, ॲडम्सटाउनला आणलं, आणि वीस सालच्या मार्चमध्ये कोरोनानं सगळं बंद झालं. मी चौथी शिकलेला. जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेला. इथं खिडकीशी बसायचं, स्टेशनातनं रिकाम्या गाड्या जाताना बघायच्या आणि सुनेवर नजर ठेवायची, एवढंच काम उरलं. सून अमेरिकेतली, काळी. तिच्या लोकांना आफ्रिकेतनं गुलाम करून नेलेलं. लग्न ठरलं तेव्हा मी दोन महिने पोराशी बोललो नाही. बायको मात्र सुनेशी फोनवर बोलायची, एकमेकींची भाषा येत नसताना, अर्धा-अर्धा तास.

त्याच एप्रिलमध्ये सुनेची आई तिकडं अमेरिकेत वारली. हिला जाता आलं नाही, माती फोनवर बघितली. आई शेवटी एकच म्हणाली होती, तुझ्या आजीच्या पणजीचं नाव शोध. त्या पणजीच्या लेकीचं नाव घरात सगळ्यांना पाठ होतं, पण त्याच्या मागं काही नाही. ज्या मळ्यावर त्या दोघी गुलाम होत्या, त्याच्या मालकाचा कागद सुनेला सापडला होता. त्यात लिहिलेलं, एक बाई, वय वीस, आणि तिची पोर. नाव नाही. त्याच पानावर खेचराचं नाव होतं.

हे ऐकून मला वाईट वाटलं. पण संशय गेला नाही. थुंकीतनं नाव कसं निघणार?

पुढच्या वर्षी निघाला तो लिमरिकजवळचा एक गोरा म्हातारा. त्याचं न् सुनेचं रक्त थोडं जुळतंय म्हणे. त्यानं लिहिलं, माझ्या पणजोबांचा भाऊ अमेरिकेत कापसाच्या मळ्यावर मुकादम होता, त्याचं एक पत्र घरात आहे, येऊन बघा. ऊसतोडीचे मुकादम मी आयुष्यभर बघितलेत. टोळीतल्या बायकांचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. रक्त कसं जुळलं ते सुनेला कळत होतं, मलाही.

"पत्र आहे तर फोटो का पाठवत नाही?" मी विचारलं.

"हातात देणार म्हणतो," पोरगा म्हणाला.

"बघ. घरी बोलावतोय. काहीतरी पाहिजे असणार त्याला."

उन्हाळ्यात प्रवास मोकळा झाला तसा मी गाडीत पुढं बसलो. पणजीच्या त्या लेकीचं नाव म्हाताऱ्याला कळवलंय का, हे सुनेला वाटेत दोनदा विचारून घेतलं. नव्हतं कळवलं.

आमच्या सांगलीकडं हेळवी येतो. पूर्वी बैलावर चोपड्या लादून यायचा, आता मोटरसायकलवर. दारात बसून तुमच्या पिढ्या वाचून दाखवतो. तो खरा की बनावट हे बघायची रीत आहे. त्याला मुद्दाम चुकीचं सांगायचं, "माझ्या आज्याला भाऊ चार, न्हवं?" बनावट असला तर हो म्हणतो. खरा असला तर चोपडी मिटतो आणि विचारतो, "तीन. चौथा कुठनं आणला?"

लिमरिकच्या म्हाताऱ्यानं आम्हाला बागेत बसवलं, चहा दिला. मी पोराला म्हणालो, "विचार त्याला, तुमच्या पणजोबांचा तो अमेरिकेतला भाऊ लोहार होता ना?"

पोरानं विचारलं. म्हातारा हसून मान हलवत म्हणाला, "होता, होता."

"उठा," मी म्हणालो. "खोटारडा आहे. चला गाडीत."

"अप्पा, इथली माणसं पाहुण्याचं बोलणं खोडत नाहीत," पोरगा दातओठ खात म्हणाला.

"मग खरं कधी बोलतात?"

सुनेला मराठी थोडी येते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अप्पा, बसा."

मी बसलो. म्हातारा आत जाऊन बिस्किटाचा डबा घेऊन आला आणि त्यातला कागद त्यानं तिच्या हातात दिला. मुकादमानं घरी लिहिलेलं, इथं मला मुलगी झालीय. तिचं नाव हे, तिच्या आईचं हे. दोघी मालकाच्या आहेत, मला आणता यायच्या नाहीत.

पोरीचं नाव तेच होतं, जे सुनेच्या घरात पाठ होतं. चोपडी खरी होती.

आईचं नाव सुनेनं मोठ्यानं वाचलं, तीनदा. मी ते इथं लिहीत नाही. कुणाला सांगायचं ते ती ठरवेल.

म्हातारा पोराला म्हणाला, टेस्ट बायकोनं द्यायला लावली, तिला कपाट आवरताना हे पत्र सापडलेलं. ती गेल्या साली गेली. मी तोवर त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. शर्टाला बटणाच्या जागी पिन लावलेली.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात हेळवी बसला. त्याच्या चोपडीत बायकांपुढं नुसतं माहेरचं गाव असतं. माझी बायको तिथं 'जतची' एवढीच आहे. तिचं नाव कधी वाचलं गेलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावला.

"नावं घालायचीत. माझ्या बायकोचं, सुनेचं आणि सुनेच्या आजीच्या पणजीचं."

"सुनेच्या माहेरचं आमच्यात बसत नाही. आणि फोनवर कुणीपण कायपण सांगतंय. तुम्ही कोण ते मला काय ठावं?" मग त्यानंच विचारलं, "तुमच्या आज्याला भाऊ चार, न्हवं?"

"तीन," मी म्हणालो. "चौथा कुठनं आणलास?"

तिकडं पानं उलटल्याचा आवाज आला.

"सांगा," तो म्हणाला.

पहिलं बायकोचं सांगितलं. मग फोन सुनेच्या हातात दिला.