बेअरिंगचा आवाज

भोसरीतला माझा गॅरेजवाला गाडीचं दुखणं कानानं ओळखतो. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून "बोल बाई" म्हणतो. एकदा माझ्या गाडीत जॅझचा अल्बम चालू होता, डबल बास आणि चेलो, दोनच वाद्यं, खर्जात घुमणारी. त्यानं लांबूनच निदान केलं, "बेअरिंग गेलंय, राव!" गाणं आहे म्हटल्यावर खो-खो हसला, आणि हातातल्या पान्यासकट सीटवर बसून अख्खा अल्बम ऐकला. "दोन म्हातारे पारावर गप्पा मारतायत," म्हणाला.

परवा गाडी खरोखरच घुरघुरत होती. मी तोंड उघडायच्या आत तो डोळे मिटून मान डोलवायला लागला.

"भाऊ, आज गाणं बंद आहे."

"थांबा की राव, आत्ता कुठं रंगात आलंय!"