दिपेशची सुरी

नवापुरात आमच्या शेजारच्या पुंडलिकइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. सायकलवर बसवलेलं धारेचं चाक पायाने फिरवायचं आणि मासळीवाल्या बायकांच्या सुऱ्या परजायच्या, यातच त्याचं आयुष्य गेलं. त्या कामात कुणी ब्र काढलेला त्याला खपत नसे.

त्याचा एकुलता एक मुलगा दिपेश बोईसरच्या कारखान्यात यंत्रांची पाती बनवायचा. तिथल्या टाकाऊ, कडक पोलादाच्या तुकड्यातून त्याने मासळी विकणाऱ्या आईसाठी, तानीसाठी, सुरी घडवली. सुरी हातातून हातात दिली की भांडण होतं, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे त्याने ती तानीपुढे जमिनीवर ठेवली. सोबत हिऱ्याची पूड बसवलेली एक पट्टी आणली होती. हिला फक्त यावरच घासायचं, असं त्याने बापाला बजावलं. आता तू मला शिकवणार का, म्हणत पुंडलिक हसला आणि पट्टी फळीवर टाकून मोकळा झाला.

त्याच पावसाळ्यात शिफ्टच्या बसला अपघात झाला. दिपेश गेला.

त्यानंतर पुंडलिकला त्या सुरीशिवाय काही सुचेना. रोज सकाळी तो ती चाकावर धरायचा. धार यायची, पण टोपलीभर मासळी कापून व्हायच्या आत बोथट. तानी कुरकुरायची, तसा तो आणखी जोर लावायचा. पोराच्या हातची वस्तू कमी पडते हे त्याला सहनच होत नव्हतं. घासून घासून पातं बोटाएवढं अरुंद झालं.

वर्षश्राद्धाला दिपेशचा सोबती मिथुन आला. सुरी बघून त्याचा चेहरा उतरला. बिचाऱ्याने जपून सांगितलं, की या पोलादात बारीक, फार कठीण कण असतात आणि धार टिकते ती त्यांच्या जोरावर. साधं चाक त्या कणांहून मऊ. ते भोवतीचं पोलाद तेवढं खातं, मग आधार सुटून कणच गळतात. हिरा मात्र कणांनाही कापतो.

पुंडलिकने पट्टी काढली, धूळ पुसली आणि सुरी हलक्या हाताने घासली. कधी नव्हे अशी धार आली. ती बघून तो लहान मुलासारखा रडला.

"त्यानं सांगितलं व्हतं. मी आयकलं नाय."

तानीने ती सुरी सरळ त्याच्या हातातून घेतली आणि दिपेशच्या शर्टात गुंडाळली.

"आता हिला धार लावू नको," ती म्हणाली. "जेवडी उरली हाय, तेवडी राहू दे."