दिवस भरण्याआधी

काचेपलीकडे नर्सने माझ्या नातीचा दुमडलेला कान बोटाने हळूच सरळ केला. सातव्या महिन्यात आलेल्या बाळांचे कान असेच मऊ असतात म्हणे, दुमडले की तसेच राहतात.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, तुमच्याकडे आणखी कोणी दिवस भरण्याआधी जन्मलंय?"

"मी सातमाशी. लेकही आठव्यातच आली."

"मग थोडं रक्तातूनही आलं असेल. जनुकांतल्या काही बारीक फरकांमुळे धोका वाढतो. पण तेवढंच कारण नसतं."

उभा जन्म मी भाजीबाजारात घासाघीस केली, कारण विचारल्याशिवाय दर मानला नाही. हे मात्र कधी विचारलंच नव्हतं. नाक येतं, तापट डोकं येतं, हे ठाऊक होतं. पण पोटातून कधी निघायचं, ही वेळसुद्धा आज्या-पणज्यांकडून येते?

लेकीच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "भाजीच्या पाट्या उचलल्यास, म्हणून!" तीस वर्षं मी तो राग जपला. आणि कालच लेकीला म्हणाले, "स्कूटरवर हिंडलीस, भोग आता!" तेव्हापासून ती बाळाला छातीशी धरायलाही तयार नव्हती.

मी तिच्या खाटेपाशी गेले. "मने, स्कूटरचं मी उगाच बोलले. चुकलं माझं."

"मग कशामुळे झालं?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही गं. डॉक्टरीणबाईंनासुद्धा."

ती कोपरावर टेकून उठून बसली.

"आई, तू आणि चूक कबूल करतेस?" ती म्हणाली. "धर मला. बाळाकडे ने."