भासऱ्यांचा पंखा

आपल्या घरची वीज वाचवणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण अख्ख्या गावाची वीज आपल्या हवाली करून देव निश्चिंत झोपला आहे, अशा समजुतीने जगलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पवनीहून लग्न होऊन सिहोऱ्याकडच्या त्या खेड्यात आले, तेव्हा माझ्या बाबांनी आहेरात टेबलफॅन दिला होता. हिरव्या पात्यांचा, मान वळवणारा. भासऱ्यांनी तो खोक्यातून काढला, चारी बाजूंनी न्याहाळला, "चांगला आहे," म्हणाले, आणि परत खोक्यात घालून खोकं माळ्यावर चढवलं. शेतात उन्हाळी धान उभा असेपर्यंत घरात पंखा फिरणार नाही, हा त्या घरचा कायदा होता, आणि तो मला लग्नाच्या हळदीसकट मिळाला.

कायद्यामागे तत्त्व होतं. गावाला आणि शेतातल्या मोटारींना मिळून विजेची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच. उन्हाळ्यात दुपारी घरोघरी पंखे सुरू झाले की तिकडे मोटार नुसती कण्हायची, पाणी चढायचं नाही. धान निसवायच्या वेळी पाणी चुकलं तर लोंबीत दाणाच भरत नाही. भासऱ्यांच्या हे इतकं अंगी भिनलं होतं की, गावातल्या कोणत्याही पंख्याचा आवाज त्यांना आपल्या बांधीतल्या धानाच्या तोंडातून पाणी काढून घेतल्यासारखा वाटे. चैत्र संपला की भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते गल्लीतून चालत निघत, आणि दारादाराशी थबकून कान देत. घरघर ऐकू आली की बाहेरूनच विचारत, "कोन झोपून राहिला रे? झोप, झोप. तिकडे धान बी झोपलाच आहे." एवढ्याने पंखा बंद व्हायचा. एकदा मे महिन्यात नात्यातल्या एका पुतणीच्या लग्नाला बपेऱ्याच्या वऱ्हाडाने स्वतःचा उभा पंखा बैलगाडीत घालून आणला. भासऱ्यांनी त्याला मानाने मांडवात उभं केलं, हळदकुंकू वाहिलं आणि वायर मात्र आपल्या खिशात ठेवली. नवरदेवाच्या बाशिंगावरून घाम गळत होता. वऱ्हाडातले म्हातारे कुरकुरले, तेव्हा भासरे म्हणाले, "नवरदेवाले घाम येतेच. ते गर्मी नाही, भेव असते."

यात राजकारण नव्हतं असं नाही. दुसरी डीपी देतो, असं दर निवडणुकीला कोणी ना कोणी सांगून जायचं. एकदा तर खांबही आले. तारा यायच्या राहिल्या, म्हणून त्या खांबांना लोक म्हशी बांधायला लागले. सरपंचांची शेती तलावाच्या पाण्यावर, त्यांना मोटारीचं सोयरसुतक नाही. त्यांच्या बैठकीत कूलर होता, आणि भासऱ्यांची ऐपत नाही म्हणून ते पंख्यावर राग काढतात, असं त्यांनी गावभर पसरवून दिलं होतं. शेवटी भासरे ग्रामपंचायतीला उभे राहिले. निशाणी मिळाली पंखा. दुसऱ्या कोणीही ती बदलून मागितली असती. भासऱ्यांनी ती घेतली, आणि पंधरवडाभर दारोदार जाऊन एका श्वासात सांगितलं, "पंखा बंद ठेवा अन् शिक्का पंख्यावर मारा." लोक त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांनी घरचा पंखा बंद ठेवला, आणि कागदावरच्या पंख्यालाही हात लावला नाही. भासऱ्यांना याचं दुःख झालं असेल तर ते दिसलं नाही. निकालाच्या दुपारी ते नेहमीप्रमाणे गल्लीतून फिरून आले.

आता हे सगळं मी त्यांच्याशी वाद घालून का मिटवलं नाही, असं कोणी विचारील. तर आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही, त्यांच्या समोर येत नाही, आणि भासरेही तिच्याशी बोलत नाहीत. निरोप जाऊबाईंमार्फत जायचे, आणि जाऊबाई घरात नसल्या तर गाईमार्फत. भासरे अंगणात उभे राहून गाईला म्हणायचे, "कपिले, पवनीवालीले सांग, भाकर टाकाले हरकत नाही." मी आतून गाईलाच उत्तर द्यायचे. कपिला आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत रवंथ करायची. तिच्याइतकं घरातलं कोणालाच ठाऊक नव्हतं.

लग्नाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझी मुलगी चार महिन्यांची होती. रात्री आम्ही अंगणात बाजेवर झोपत असू, त्यामुळे रात्र निभायची. दुपार निभत नव्हती. पोरीचं अंग घामोळ्यांनी लाल झालं, ती दूध सोडून रडायला लागली, आणि नऊ दिवसांच्या कडक उन्हाचा नवतपा लागला त्या दिवशी तिला तापही भरला. मी जाऊबाईंना म्हटलं, माळ्यावरचा पंखा तेवढा काढा. जाऊबाई बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या त्या बांबू, ओलं गोणपाट आणि सुताची दोरी घेऊन. गोणपाट बांबूला बांधून आढ्याला टांगलं, दोरी भिंतीच्या भोकातून पलीकडच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, सोडली. "दौलत ओढते तिकडून," त्या म्हणाल्या. दौलत म्हणजे आमचा गडी. थोड्या वेळाने गोणपाट हलायला लागलं, गार वारा आला आणि पोरगी झोपली.

गड्याशी बोलायला मला मनाई नव्हती. वर्षभराचं साचलेलं होतं, ते मी रोज दुपारी भिंतीला सांगायला लागले. "दौलत, माह्या बाबानं पंखा काय लोणचं घालाले देला का?" दोरी चालू राहायची. "दौलत, तुमच्या मालकाच्या छातीत मानूस आहे का मोटार?" दोरी किंचित थबकायची, पुन्हा चालायची. दौलत फार समंजस माणूस आहे, असं माझं मत झालं. तो एकदाही मालकाची बाजू घेत नव्हता.

एका दुपारी मी असंच बोलत असताना मागच्या दारातून दौलत आत आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, डोक्यावर धुऱ्यावरच्या गवताचा भारा. "बाई, पानी चढलं," तो म्हणाला. "लोंबा भरून राहिल्या." दौलत समोर उभा होता, आणि दोरी चालूच होती.

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी मी तोंडातून शब्द काढला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा सपरीतून भासऱ्यांचा आवाज आला. ते गाईशी बोलत होते. "कपिले, काहून कोनी बोलत नाही वो? गोष्टी नसल्या का दोरी वढता वढता डोळा लागते." मग मी पदर सावरून भिंतीकडे वळले आणि पुन्हा सुरुवात केली, "दौलत, तुमचे मालक..." पण आता शिव्या काही केल्या आठवेनात. मी पवनीचा घाट सांगितला, बाबा सांगितले, पोरगी कुशीवर वळते ते सांगितलं. दोरी एका लयीत चालत राहिली.

धान घरी आला त्या दिवशी भासऱ्यांनी स्वतः माळ्यावरून खोकं उतरवलं, पंख्याला तेल घातलं आणि तो जाऊबाईंच्या हाती आत पाठवला. अंगणातून म्हणाले, "कपिले, पवनीवालीले सांग, आता लाव म्हना. आता कोनाची हरकत नाही." मी बटन दाबलं. पंख्याने मान अर्धी वळवली आणि वीज गेली. सगळ्या गावाची गेली. पोरगी चुळबुळायला लागली, आणि मग डोक्यावर गोणपाट हललं.

भिंतीकडे तोंड करून मी म्हटलं, "दौलत, राहू द्या आता. हात दुखत असतील."

"नाही दुखत," पलीकडून भासरे म्हणाले.

आमच्या दोघांमध्ये थेट झालेलं बोलणं जन्मभरात एवढंच. भासऱ्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुसरी डीपी आली, घरोघरी कूलर आले, आणि दुपारी गल्लीतून कोणी कान देत जात नाही. भिंतीतलं ते दोरीचं भोक बुजवायचं म्हणून मुलं मागे लागतात, मी बुजवू देत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली की सगळे वैतागून अंगणात निघून जातात. मी मात्र आतच थांबते आणि भिंतीशी थोडं बोलते.