प्रल्हादचे कापलेले चार गुण

प्रल्हाद गोताड माझा गाववाला. गुहागर तालुक्यात त्याची वाडी वर डोंगराला, आमचा मोहल्ला खाली खाडीला. अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन कंपनीत तो अकरा वर्षं स्टोअरमध्ये, आणि मी, तहसीन, एचआरमध्ये. ऑफिसात मला "मॅडम" म्हणायचा, बाहेर "बाय". कुठला बोल्ट कुठल्या रॅकवर, हे कॉम्प्युटरच्या आधी त्याला ठाऊक.

यंदा स्टोअर इनचार्जची जागा निघाली. कंपनीच्या बसमध्ये तो मला म्हणाला, "बाय, ही मिळाली की पगार चार हजार दिरहम, म्हणजे आपले नव्वद हजारांच्या वर. फॅमिली व्हिसा बसतो. रिद्धीला अकरावीला इथेच आणतो." रिद्धी त्याची मुलगी. अकरा वर्षांत बापाला सहा वेळा भेटलेली.

तेवढ्यात मालकांच्या मनात आलं, स्टोअरमध्ये एकही बाई नाही, ही जागा बाईला द्यायची. सरकारची सक्ती नव्हती, आपणहून. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? मीही इथे बाई म्हणून टक्केटोणपे खाल्लेत. पण कंपनीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, "कायद्याला स्त्री-पुरुष भेद चालत नाही, मॅडम. दोघं बरोबरीचे असतील तर बाईला पसंती का दिली, हे निदान समजावता येईल. जास्त गुणवाल्या पुरुषाला डावललंत, तर तो सरळ भेदभाव. खलास."

मुलाखती मीच घेतल्या. प्रल्हादला ब्याऐंशी, सुचित्राला अठ्ठ्याहत्तर. सुचित्रा दुसऱ्या कंपनीतून आलेली, हुशार, कष्टाळू. तिचा यात काडीचा दोष नाही.

पण त्याचे ब्याऐंशी गुण वर पाठवले की मालक म्हणणार, गाववाल्याला झुकतं माप दिलं. आपापली माणसं भरणारे इथे कमी का आहेत! हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. त्या धास्तीने मी नवा कागद घेतला आणि 'इंग्रजी संभाषण'पुढे त्याचे चार गुण कापले. झाली बरोबरी! मालक खूश, वकील खूश. आग लागो माझ्या त्या पेनाला. परक्याचे गुण असते तर मी हात तरी लावला असता का?

निकाल कळल्यावर प्रल्हाद माझ्या टेबलाशी आला. मला वाटलं, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, एकच विचारतो. ती माझ्यापेक्षा चांगली, की बाई म्हणून दिली?"

"दोघांचे गुण सारखे होते. सारखे असले तर बाईला, असा नियम केलाय."

"सारखे ना?"

"हो."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "मग काय बोलायचं! रिद्धीला सांगतो, बाप कमी नाही पडला. आणि नियम चांगला आहे, मॅडम. उद्या माझ्या पोरीलाही कुठे असाच उपयोगी पडेल." एवढं बोलून त्याने डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाराशी जाऊन तो वळला.

"बाय," म्हणाला, ऑफिसात पहिल्यांदाच. "तू होतीस म्हणून बरं. दुसरं कोणी असतं तर मला संशय आला असता."

मी म्हणाले, "पुढच्या वेळी, इन्शाल्ला." ब्याऐंशीचा कागद तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्येच होता.